सात, दोन आणि आठ: ऐरोलीच्या ताईंचे जाहीर आभार

ठाणे (पश्चिम)

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

आमच्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वर्गासाठी तुम्ही लिस्टमधल्या लिस्टवर (यादीच्या आतल्या याद्यांवर) लूप, म्हणजे एकेक घटक घेत फिरणारी आज्ञा, चालवण्याचा सरावाचा कागद करून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. ते जाहीर मानतोय ते मुद्दाम. नवी मुंबईत, डोंबिवलीत, कुठेही कोणी हा विषय शिकवत असेल तर त्यालाही कागद उपयोगी पडावा, म्हणून आभारांबरोबर त्यातला मालही इथे मांडतो.

हा विषय आला की बहुतेक ठिकाणी तीन बाय तीनचा चौकोन पुढे येतो. एक ते नऊ आकडे, तीन ओळींत. गंमत अशी, की त्या चौकोनावर चुकीचा प्रोग्रॅमही बरोबर उत्तर देतो. ओळी तीन, रकाने तीन. आतल्या लूपला ओळींची संख्या द्या की रकान्यांची, चालून जातं. तुम्ही चौकोन काढून टाकलात आणि ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गाची स्टेशनं घातलीत:

पहिली आतली लिस्ट: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे.
दुसरी: सानपाडा, वाशी.
तिसरी: जुईनगर, नेरूळ, सीवूड्स दारावे, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल.

तुर्भ्यापर्यंतचा सामाईक रस्ता, मग वाशीचा फाटा आणि पनवेलचा फाटा. लांब्या ७, २ आणि ८. या तीन आकड्यांनी जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही व्याख्येने केलं नसतं.

या तिन्ही जिच्यात ठेवल्या त्या बाहेरच्या लिस्टची लांबी विचारली की पायथन ३ सांगतो, १७ नाही. वर्गातला पहिला गोंधळ इथेच मिटतो. मग मुलं आतला लूप ‘रेंज’ने, म्हणजे ओळीने क्रमांक देणाऱ्या आज्ञेने, चालवतात आणि त्याला पहिल्या ओळीची लांबी, म्हणजे ७, देतात. पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून दुसऱ्या ओळीत क्रमांक ० सानपाडा, १ वाशी, आणि २ मागितला की ‘इंडेक्स एरर’, म्हणजे असा क्रमांकच नाही. हे बरंच झालं म्हणायचं, कारण चूक दिसली. खरी मेख तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे: तीच स्टेशनं, फक्त वाशीची ओळ सर्वांत वर ठेवलेली. आता पहिल्या ओळीची लांबी २. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, सहा नावं छापतो, ११ स्टेशनं गायब, आणि पडद्यावर लाल अक्षरात काहीही येत नाही.

‘रेंज’मध्ये हाताने आकडा लिहिणाऱ्यांची सोय तर तुम्ही फारच झकास लावलीत. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी पहिली ओळ सहाची होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये कोणी ६ लिहून ठेवला असेल, तर दिघा गाव घातल्यावर शेवटचं तुर्भे गळतं. म्हणजे जिथून दोन्ही फाटे फुटतात नेमकं तेच. यावरचा उपाय कागदावर एका ओळीत आहे: बाहेर ‘फॉर मार्ग इन मार्ग_यादी’, आत ‘फॉर स्टेशन इन मार्ग’, आकड्यांच्या भानगडीतच पडायचं नाही. क्रमांक हवाच असेल तर घटकाबरोबर क्रमांकही देणारा ‘एन्युमरेट’. व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहितीला दिलेली, नावं देवनागरीत ठेवायची तुमची सूचना आम्ही लगेच उचलली, पायथन ३ मध्ये ती चालतात. एकच पथ्य: ‘दुसऱ्या’सारख्या नावात काही कीबोर्ड र आणि य यांच्यामध्ये न दिसणारा जोडक घालतात, आणि तो असला की नाव नामंजूर होतं. त्यापेक्षा असे शब्द नावात नकोतच.

मात्रांचा प्रश्न मात्र कागदाचा मुकुटमणी आहे. फाट्यावर एकच स्टेशन असेल तर मुलं चौकोनी कंस विसरतात आणि बाहेरच्या लिस्टमध्ये सरळ ‘वाशी’ ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, टाकतात. बाहेरचा लूप ती खुशाल घेतो. आतला लूप तिच्यावरही चालतो, कारण स्ट्रिंगवरही लूप चालतो. पडद्यावर चार ओळी येतात: व, मग एकटा काना, मग श, मग एकटी वेलांटी, बऱ्याचदा ठिपक्यांच्या गोलावर बसलेली. पायथन स्ट्रिंग मोजतो ती युनिकोडच्या (संगणकावरच्या लिपी-संकेताच्या) खुणांनी, आपल्या अक्षरांनी नव्हे. म्हणून ‘वाशी’ची लांबी ४. इंग्रजी उदाहरणात सुटी अक्षरं आली तर पोरं ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे जातात. गोलावरची वेलांटी दिसली की वर्गात कोणीच पुढे जात नाही.

लूप चालू असताना त्याच लिस्टमधून काढू नका, हे सगळेच सांगतात. तुम्ही ते दाखवलंत. तिसऱ्या ओळीतून ‘वर’ने संपणारी नावं काढायची. मानसरोवर काढलं की खांदेश्वर एक घर पुढे सरकून त्याच्या जागी येतं, लूप मात्र पुढच्या क्रमांकावर जातो आणि तिथे असतं पनवेल. खांदेश्वर वाचतं. उलट, नवी लिस्ट करून हवी ती नावं तिच्यात भरली की प्रश्नच मिटला.

तिकिटांच्या तक्त्याबद्दलही लिहायला हवं, कारण तिथे भलेभले अडकतात. तीन मार्ग, चार वेळा, सगळीकडे शून्य. चार शून्यांची लिस्ट करून तिला बाहेरून तीनने गुणलं, तर दिसायला तीन ओळी, प्रत्यक्षात एकच ओळ तीन जागी दाखवलेली. दुसऱ्या मार्गाच्या तिसऱ्या खान्यात ५ लिहा, तिन्ही ओळींत ५ उमटतो. आतलं शून्य चारने गुणायला हरकत नाही, आकडा जागच्या जागी बदलत नसतो, लिस्ट बदलते. म्हणून बाहेरची ओळ गुणायची नाही, लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने, म्हणजे कंसातच लूप लिहून, प्रत्येक फेरीत नवी बांधायची. शंका आली तर दोन ओळींमध्ये ‘इज’ (दोन्ही एकच वस्तू आहे का) लावून बघायचं, ‘ट्रू’, म्हणजे होय, आलं की समजायचं ओळ एकच आहे.

ओळी शेजारी ठेवून एकत्र वाचणाऱ्या ‘झिप’चं थोडक्यात: उभे रकाने वाचायला तो सगळ्यात छोट्या ओळीशी थांबतो, म्हणजे इथे दोनच रकाने. पूर्ण आठ हवे असतील तर पायथनबरोबर येणाऱ्या ‘आयटरटूल्स’मधला ‘झिप_लाँगेस्ट’. लांब्या सारख्या नसल्या तर एरर यावा असं वाटत असेल तर पायथन ३.१० पासून ‘झिप’ला ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय आहे. ‘ब्रेक’ फक्त आतला लूप तोडतो, हे आता आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय. दोन्ही लूपमधून बाहेर पडायचं तर शोधाचा भाग फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या वेगळ्या तुकड्यात, टाकून तिथून ‘रिटर्न’ने परतायचं.

एक मागणंही आहे. उरणचा फाटा तिसऱ्या ओळीच्या पोटात आणखी एक लिस्ट म्हणून घातला, की दोन लूप पुरत नाहीत. काही घटक स्ट्रिंग, एक घटक लिस्ट. तिथे स्वतःलाच बोलावणारं फंक्शन लागतं, आणि त्यात ‘ही लिस्ट आहे का’ असंच विचारावं लागतं. ‘यावर लूप चालतो का’ असं विचारलं तर एका अक्षराच्या स्ट्रिंगमधून पुन्हा तीच एका अक्षराची स्ट्रिंग निघत राहते आणि साधारण हजार पायऱ्यांवर ‘रिकर्शन एरर’ (स्वतःला फार वेळा बोलावल्याची तक्रार) येतो. यावर तुमच्या पद्धतीचा दुसरा कागद मिळाला तर फार बरं होईल. प्रश्न तेवढे तुमचे, टायपिंग आणि झेरॉक्स आमच्याकडे लागलं.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
पायथन वर्गाचे शिक्षक, ठाणे