दुसरी फाईल

ती. आई आणि ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. आप्पा केळीच्या भावावर जातात, आई 'जेवलीस का'वर. म्हणून लिहिते. आप्पांनी मोठ्याने वाचावं, म्हणजे आईला चष्मा सापडत नाही ही सबब उरणार नाही.

आप्पा, दिवाळीत तुम्ही विचारलंत, "म्हाताऱ्यांचे आकडे मांडून कुणाचं भलं होतं?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मी ज्या आकड्यांवर काम करते, ते 'लासी' नावाच्या पाहणीचे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, अमेरिकेतली हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया ही विद्यापीठं यांनी मिळून २०१७-१८ मध्ये देशभरातली ४५ वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजार जणांना घरी जाऊन गाठलं. अमेरिकेत अशी पाहणी १९९२ पासून चालते. प्रश्न सारखे ठेवले की तुलना जमते. पण सगळेच कसे ठेवणार? तिकडच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मधेमधे लिहा-वाचायला लागतं. शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या आजीला त्यात नापास केलं असतं, तर तिची बुद्धी नव्हे, तिची शाळा मोजली गेली असती. त्या चाचण्या आपल्याकडे बदलून घ्याव्या लागल्या.

यात नवऱ्यासोबत बायकोलाही वेगळं विचारतात. चार मीटर चालायला लावून वेळ घेतात आणि मुठीत धरून दाबायचं एक यंत्र देतात. जोर किलोत दिसतो.

त्या यंत्रावरून आई आठवली. मळ्यात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली, तू बडगीत भरीत कुटायला बसलीस आणि दोनदा हात बदललास. मग मुसळी काकूकडे दिलीस, "धूर लागला" म्हणत. धूर केव्हाच विझला होता गं. पूर्वी पंचवीस माणसांचं भरीत तू एकटी कुटायचीस.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठींचा जोर मोजला गेला. २०१५ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की पुढे जिवाला धोका किती, हे मूठ वरच्या रक्तदाबापेक्षाही चांगलं सांगते. घाबरू नका, मूठ ढिली पडणं ही खूण आहे, कारण नव्हे. कारण शोधायचं असतं.

आणि आपल्या घरात ते कुणी शोधत नाही. आप्पांचा रक्तदाब दर महिन्याला तपासला जातो. आई सोबत जाते, फाईल धरून बाकावर बसते, परत येते. तिची फाईलच नाही. विचारलं की "मले काय धाड भरली?" जेवायला सगळ्यांच्या मागून, तोवर डाळ तळाला गेलेली.

आप्पा, राग मानू नका, पण हे तुमच्याकडेच मागते. पुढच्या वेळी दोन नंबर लावा. आईचं रक्त, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, सगळं बघून घ्या. आणि रात्री तिचं ताट तुमच्याबरोबर वाढलं जाऊ दे.

शनिवारी सकाळी भुसावळला उतरून एसटीने येते. कळण्याचं पीठ दळून ठेवा. डबा चक्कीवर आप्पांनी न्यायचा, आईने नाही.

तुमची,
ताई