टबात काय भरू, म्हणून विचारलंस

मुलुंड, मुंबई
श्रावणातला दुसरा रविवार

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी कोपरापर्यंत काळा होतो, म्हणून हूं हूं करून ठेवून दिला. राग मानू नकोस. गाडीचे पार्ट धुवायचा टब तयार झाला, आता त्यात काय भरू, हा तुझा प्रश्न दोन वाक्यांत सुटणारा नव्हता. आज पाऊस कोसळतोय, बाहेर जायची सोय नाही, तेव्हा सविस्तर लिहितो.

पेट्रोलचं नाव तू काढलंस, ते आधी निकालात काढू. गॅरेजवाले वापरतात हे खरं. पण पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत सरकत लांब जाते. तू स्टोअररूममध्ये टब ठेवणार म्हणतोस, तिथेच कोपऱ्यात तुझा इन्व्हर्टर आहे. त्यातला रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टिक् करून ठिणगी उडायचा अवकाश. त्यात पेट्रोलमधलं ते विषारी बेंझीन. नकोच ते.

थिनरही नको. चिकटा झटक्यात निघतो, पण रबर फुगतं. मी एकदा कार्ब्युरेटर ओरिंगसकट, म्हणजे त्यातल्या रबरी कडीसकट, थिनरमध्ये बुडवला होता. तासाभराने काढली तर ओरिंग खाचेत बसेना, दीडपट झालेली.

राहिलं रॉकेल. आपण दोघं त्याच वासात वाढलो. शाळेतून येताना नाक्यावरच्या गॅरेजमध्ये तो पोऱ्या परातीत चेन घासायचा, आठवतं? साफ करण्यात रॉकेलला तोड नाही. ग्रीस विरघळतं, लोखंड गंजत नाही, वर पातळ थर राहतो तो वेगळाच. मीही पहिली दोन वर्षं तेच वापरलं. रेशनचं निळं नव्हे हं, खुल्या बाजारातलं पांढरं. ते पेट्रोलइतकं भडक नाही, साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेते. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण मे महिन्यात पत्र्याखाली हात लावून बघ, किती अंश होतात ते. शिवाय चिंधीला लागलं की ती चिंधी म्हणजे स्टोव्हची वातच, तिला कुठले अंश!

माझं रॉकेल मात्र आगीच्या भीतीने सुटलं नाही, ते वासाने सुटलं. आमची ही खिडकीएवढी जागा, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. एका गुरुवारी शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "कुणी स्टोव्ह पेटवलाय का?" आणि त्याच रात्री हिने भाकरीचा तुकडा मोडून नाकाशी नेला आणि काही न बोलता ताटात परत ठेवला. बोलली असती तर मी वाद घातला असता. टर्पेंटाइन आणून पाहिलं, वास जरा निराळा एवढंच; संध्याकाळी डोकं धरायचं ते धरायचंच.

मग पाण्याकडे वळलो, आणि सुरुवातीलाच माती खाल्ली. कॉस्टिक सोड्याने तेल कापलं जातं हे माहीत होतं, म्हणून बादलीत त्याचं पाणी करून चेतक स्कूटरच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कव्हर सोडलं. सोडावॉटरसारखा बारीक फेस सुरू झाला. मी खुश, म्हटलं काय काम करतंय! अर्ध्या तासाने बाहेर काढलं तर कव्हर काळंठिक्कर, बोटाला काजळी, कडा खाल्लेल्या. तो फेस मळाचा नव्हता, ॲल्युमिनियमच विरघळत होतं आणि त्यातून हायड्रोजन निघत होता. बंद खोलीत.

आता औद्योगिक डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारा द्रव, आणतो, पाण्यात मिसळायचा, डब्यावर ॲल्युमिनियमला चालेल असं लिहिलेला. २० लिटर पाण्याला १ लिटर. कपड्यांची पावडर घालू नकोस, पंप लागला की फेस टबाबाहेर येऊन जिन्यापर्यंत जातो, विचारू नकोस मला कसं ठाऊक. पाणी कढत हवं, ४५-५० अंश. गार पाण्यात हाच डिग्रीझर नुसता ग्रीसवरून घरंगळतो. रॉडने तापव, पण रॉड काढल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि त्या प्लगला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. टबातलं पाणी फिरवायला कूलरचा छोटा पंप चालतो. रॉकेलमध्ये तो चुकूनही सोडू नकोस. पंप, गाळणी, ब्रश सगळं मी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात एका फेरीत घेतलं.

पाण्याची खोड म्हणजे गंज. आणि आपला पावसाळा! मागच्या जुलैत एक बेअरिंग धुऊन फडक्यावर ठेवलं, चहा प्यायला गेलो, परत येईतो गोळ्यांवर तांबूस छटा. तेव्हापासून बेअरिंग पाण्यात नाहीच. त्यांच्यासाठी झाकणाच्या डब्यात अर्धा लिटर रॉकेल आहे, तेवढं घरात मंजूर झालंय. बाकी पार्ट धुतले की साध्या पाण्याने खंगाळायचे, लगेच हवा मारायची, मग डब्ल्यूडी-४०. त्या नावाचा अर्थच पाणी हटवणारं मिश्रण, ४०व्या प्रयत्नात जमलेलं. इथे चांगलं लागू पडतं.

आता तुझं. मुंबईचं नळाचं पाणी तलावाचं, मऊ. तुझ्या वसईला बोअरिंगचं असेल तर डिग्रीझर जास्त लागेल आणि पार्टवर पांढरा थर बसेल. धुवायला पावसाचं साठवून बघ. आणि खरं सांगू? तुला मागे अंगण आहे. तिथे, उघड्यावर, घट्ट झाकणाच्या टबात, पंपाशिवाय, नुसत्या ब्रशने रॉकेल वापरलंस तर मी काही म्हणणार नाही. हातात नायट्राइल रबराचे मोजे तेवढे घाल. स्टोअररूममध्येच टब ठेवायचा हट्ट असेल तर मात्र पाणीच.

काळं झालेलं गटारात ओतू नकोस. इथलं नाल्यातून सरळ खाडीत जातं. मी रात्रभर निवू देतो, वर आलेलं तेल गोळा करून कॅनमध्ये भरतो, तळाचा गाळ वेगळ्या डब्यात; दोन्ही गॅरेजमधून जुनं ऑइल नेणाऱ्याकडे देतो.

पुढच्या रविवारी येतोस ना? तुझा तो जाम झालेला कार्ब्युरेटर घेऊन ये, ओरिंग मात्र घरीच काढून ठेव. हिने नारळीभाताचं कबूल केलंय. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिन्या