मेलाटोनिन म्हणजे ‘इम्युनिटी’ची गोळी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकावर (हार्मोनवर) आलेला लेख वाचला. विषय चांगला निवडला होता, पण ‘रोज रात्री एक गोळी घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा’ हा त्यातला सूर खटकला. पुढच्याच पानावर मेलाटोनिनच्या गमीजची (चघळायच्या गोळ्यांची) जाहिरात होती, तो योगायोग समजू.

माझे सातारा जिल्ह्यात औषधांचे दुकान आहे. करोनापासून ‘इम्युनिटीचं काहीतरी द्या’ ही मागणी काही थांबलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांना करोना झाला, तेव्हा त्यांच्या औषधांच्या यादीत झिंक आणि ड जीवनसत्त्वासोबत मेलाटोनिनही होते. बातम्यांतून ते लोकांच्या तोंडी बसले. झोपेसाठी मागणारे आधीपासून होतेच, आता ‘ताकदीसाठी’ मागणारेही येतात.

मेलाटोनिनचा प्रतिकारशक्तीशी संबंध आहे, हे खरेच. अंधार पडला की मेंदूतली पीनियल ग्रंथी ते सोडू लागते आणि मध्यरात्रीनंतर त्याची पातळी सर्वांत वर जाते. प्रतिकारशक्तीचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर त्याचा संदेश टिपणारे ग्राही (रिसेप्टर) असतात, शिवाय काही पांढऱ्या पेशी ते स्वतःही बनवतात. १९८६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये जॉर्जेस मायस्त्रोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना संध्याकाळी प्रोप्रॅनोलॉल दिले. रक्तदाब, धडधड, अर्धशिशी यांसाठी आम्ही रोज देतो तेच हे औषध. ते पीनियलला मिळणारा रात्रीचा इशारा अडवते, म्हणून मेलाटोनिन कमी झाले. त्याबरोबर उंदरांच्या शरीरात प्रतिपिंडेही (रोगाशी लढणारी प्रथिने, अँटीबॉडीज) कमी तयार झाली. मेलाटोनिन दिल्यावर ती पुन्हा वाढली. मेलाटोनिन पेशींना चेतवते, या समजाला अशा प्रयोगांनी बळ दिले.

पण चेतवणे नेहमीच भल्याचे असते का? माझ्या दुकानात एक बाई दर महिन्याला मेथोट्रेक्झेट न्यायला येतात. आमवात आहे, सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मागच्या खेपेला चिठ्ठीसोबत मोबाइल पुढे केला: ‘भाऊ, ही गमी पण द्या, सुनेने पाठवलीय, इम्युनिटी वाढते म्हणे.’ प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे म्हणून तिला आवर घालणारे औषध एका हातात, आणि तिला वाढवतो म्हणणारी गमी दुसऱ्या हातात! आमवाताचा आखडलेपणा पहाटे जास्त असतो, त्यामागे रात्रीच्या मेलाटोनिनचाही वाटा असावा असे काही संशोधक मानतात. सांधेदुखीच्या उंदरांना मेलाटोनिन दिल्यावर आजार बळावल्याचेही नोंदलेले आहे. मी बाईंना म्हटले, ‘ताई, आधी डॉक्टरांना दाखवा, मग बघू.’ त्या जरा नाराजच झाल्या.

आता याच्या उलट पाहा. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, तोही प्रतिकारशक्ती उलटल्याचाच. अर्जेंटिनातल्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळले, की मेलाटोनिन जास्त असते त्या शरद-हिवाळ्याच्या दिवसांत या आजाराचे झटके कमी येतात. म्हणजे एकीकडे दाह वाढवण्याची शंका, दुसरीकडे दाह आवरण्याची चिन्हे. अशा पदार्थावर ‘बूस्टर’ छापणे म्हणजे अर्धेच सांगणे. मूत्रपिंड बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांनी तर ते परस्पर घेऊच नये.

दुसरे, डबीवर लिहिले तेवढेच आत असते असेही नाही. अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून खुलेआम मिळते. २०२३ मध्ये तिथल्या २५ गमी-उत्पादनांची तपासणी झाली, त्यात २२ डब्यांवरचा आकडा चुकीचा निघाला. एकीत मेलाटोनिन नव्हतेच, एकीत लिहिल्याच्या साडेतीनपट होते. ब्रिटनमध्ये मात्र ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्याकडे ऑनलाइन मागवलेल्या परदेशी गमीजच्या डब्या सर्रास घराघरांत दिसतात, मुलांच्या हाती लागतील अशा जागी.

लेखात झोपेचे आणि मेलाटोनिनचे श्रेय एकाच खात्यावर जमा केले आहे, तेही बरोबर नाही. अमेरिकेत १५३ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिले, तेव्हा सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली. तो हिशेब झोपेचा होता, गोळीचा नव्हे. शरीराला स्वतःचे मेलाटोनिन हवे असेल तर अंधार लागतो. झोपण्यापूर्वी घरातला नेहमीचा उजेड अंगावर असला, तरी मेलाटोनिनचा रात्रीचा काळ सुमारे दीड तासाने आखडतो, असे २०११ च्या एका प्रयोगात दिसले होते. रात्रपाळीच्या परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक यांना हा सल्ला देऊन उपयोग नाही, हे मला कळते. त्यांच्यासाठी पाळ्यांचे वेळापत्रकच सुधारायला हवे. तो लेख कोणी लिहिला तर जरूर छापा.

तूर्त एवढीच विनंती, की पुढच्या पुरवणीत एखाद्या संधिवाततज्ज्ञाकडून चार ओळींचा खुलासा घ्यावा: स्वयंप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार) असलेल्यांनी मेलाटोनिन घ्यावे की नाही. मी ते कात्रण काउंटरवर चिकटवीन. माझ्यापेक्षा छापील अक्षरावर गिऱ्हाइकांचा विश्वास जास्त आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, सातारा