मोठा ढोल सोडू नकोस

कोलोन, जर्मनी
12 नोव्हेंबर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या बँडमध्ये तुला मोठा ढोल मिळालाय आणि तू रुसून बसलीयस, असं तुझे बाबा परवा सांगत होते. तुला बिगुल हवा होता म्हणे. फोनवर तू नुसती 'हं, हं' करत होतीस, म्हणून पत्र लिहायला बसले. आजीला जवळ बसवून मोठ्यानं वाच. यात तीही आहे.

काल इथे सेंट मार्टिनचा सण होता. संध्याकाळी अंधार पडला की मुलं कागदी कंदील काठीला अडकवून रस्त्यानं निघतात. आपले आकाशकंदीलच, फक्त हातात धरलेले. पुढे लाल झग्यातला घोडेस्वार असतो. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला मार्टिननं आपला झगा अर्धा कापून दिला, त्याची ही आठवण. त्याच्यामागे बँड होता. मी भाजीची पिशवी घेऊन कडेला उभी होते. पितळी वाद्यं अजून वळणापलीकडे होती, पण ढोल ऐकू आला, ढम, ढम, आणि माझा डावा पाय आपोआप उचलला गेला. इतकी वर्षं झाली तरी!

कारण तो ठोका डाव्या पायाचा असतो. सरांनी तुला सांगितलं असेलच. बिगुल सगळ्यांना दिसतो, चकाकतो, मला मान्य आहे. पण त्याला बटणं नसतात, ओठांच्या ताणावर पाचेक सूर निघतात, आणि तो वाजून थांबतो. साईड ड्रम खालच्या तारांमुळे खडखडतो, ऐकायला गोड लागतो. ढोल मात्र थांबत नाही. शंभर मुलं चालत असतील तर शंभर डावे पाय तुझ्या हातात असतात.

मला सातवीत ढोल मिळाला तो केवळ उंचीमुळे. पट्टा खांद्यात रुतायचा आणि ढोल छातीवर आला की स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. पहिल्या 15 ऑगस्टची प्रभातफेरी राजवाड्यापासून निघाली. साताऱ्यातला ऑगस्ट तुला ठाऊक आहे, अजिंक्यतारा ढगात गडप आणि पावसाची झिमझिम सुरूच. आमचा ढोल जुना, चामड्याच्या पानाचा. मोती चौकात पोचेपर्यंत पान भिजून सैल पडलं. 'ढम'चं 'थप' झालं. मी जीव तोडून मारत होते, तरी मागच्या रांगांना ऐकू जाईना. पोवई नाक्याकडच्या उतारावर कुणाचा उजवा, कुणाचा डावा. झेंड्यापुढे राष्ट्रगीताला उभी राहिले, ती 52 सेकंदं मी रडत होते. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नाही. आजीला मात्र घरी आल्याबरोबर कळलं.

ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी 14 ऑगस्टला सरांना विचारून तिनं ढोल घरी आणायला लावला. न्हाणीघरात बंब पेटवला आणि रात्रभर त्याच्या उबेला ढोल ठेवला. फार जवळ नेला तर पान तडकतं, लांब ठेवला तर ओल जात नाही. दर थोड्या वेळानं उठून ती तो फिरवायची, बोटांनी टिचकी मारून कान लावायची. मी मध्येच जागी झाले तेव्हा ती पाटावर बसून टिचकी मारत होती. खताच्या पिशवीचं प्लास्टिक धुऊन तिनं ढोलाला इरलंही शिवलं, शेतातल्या बायका डोक्यावर घेतात तसं. त्या सकाळी ढोल असा घुमला की मोती चौकातली दुकानं उघडणारी माणसं फळ्या हातात धरून थांबली. फेरीनंतर आजीनं मला एकटीला दोन कंदी पेढे दिले.

आणखी एक गोष्ट सांगते, ती तुझ्या उपयोगाची आहे. बँड अगदी पुढे असला की शेपटाकडची मुलं चुकतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर मागच्या मुलाला तुझा ठोका पाव सेकंदाहूनही उशिरा मिळतो. मिनिटाला 120 पावलं धरली तर एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे तुमचा पाय टेकून पुढचा निम्मा उचलला गेला, की मग त्याला 'ढम' ऐकू येतं. आमच्या सरांनी त्यासाठी बँड रांगेच्या मध्यावर आणला होता. तुझ्या सरांना विचारून बघ. आणि सुरुवातीला ढोल न बांधता, मांडीवर थाप देत अंगणात चाल. चाल पक्की झाली की मगच पट्टा चढव.

आता ढोलांना प्लास्टिकची पानं असतात, पावसाची भीती नाही. तरी आजीला ते इरलं माळ्यावरून काढायला सांग. तिनं टाकलेलं नाही, मला माहीत आहे.

26 जानेवारीला बाबांना राजवाड्याच्या कोपऱ्यावर फोन धरून उभं राहायला सांग. तुमचे सकाळचे साडेसात म्हणजे आमचे पहाटेचे तीन. मी गजर लावून उठणार आहे. चेहरा नाही दाखवलास तरी चालेल, ढोल ऐकू येऊ दे.

तुझी,
आत्या