वेचणी यंत्राच्या कापसात कचरा येत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बॅटरीवरील कापूस वेचणी यंत्राची किंमत परत मिळण्याबाबत

महोदय,

२ नोव्हेंबर रोजी मानवतच्या तुमच्या विक्रेत्याकडून मी हे यंत्र ६,८०० रुपयांना घेतलं. माहितीपत्रकावर 'हाताने वेचल्यासारखा स्वच्छ कापूस' असं छापलं आहे. वेचणीला बाया मिळत नाहीत, म्हणून त्या एका ओळीवर विश्वास ठेवला.

कापूस स्वच्छ येत नाही. यंत्राची दातेरी साखळी समोर येईल ते ओढते. बोंडाभोवतीची वाळकी पानं चुरा होऊन कापसात अशी गुंततात की चिमटीनंही निघत नाहीत. वेचणारी बाई अर्धवट उमललेलं बोंड झाडावर सोडते, आठ दिवसांनी घेते. किडका, पिवळा कापूस, म्हणजे कवडी, ती वेगळी ठेवते. तुमचं यंत्र सगळं एकाच पिशवीत भरतं. कच्च्या बोंडातला धागा भरलेला नसतो. त्याच्या गुठळ्या होतात आणि पुढे कापडावर रंग नीट बसत नाही. व्यापारी भाव पाडतो तो यामुळेच, आणि त्यात त्याची चूक नाही.

मी एकाच रानातला कापूस दोन ढिगांत नेला. हातवेचणीच्या ढिगाला क्विंटलला ७,२०० रुपये मिळाले, यंत्राच्या ढिगाला ६,६५०. बियाणं तेच, पाणी तेच, दिवसही तोच.

विक्रेता म्हणाला, कचरा जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, निघतो. निघतो, पण कापूस जितका जास्त झोडावा तितका धागा तुटतो, आखूड होतो. अमेरिकेत सगळा कापूस यंत्रानेच वेचतात, असंही त्याने ऐकवलं. तिथे आधी फवारणी करून पानं गाळतात, मग यंत्र रानात घालतात. आमच्याकडे तीन-चार वेचण्या होतात. पहिल्या वेचणीला झाड हिरवंगार असतं, तेव्हा पानं गाळून चालत नाही. हे विकण्याआधी सांगायला हवं होतं.

पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी आणि माहितीपत्रकातली ती ओळ काढावी. तसं न झाल्यास परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन.

पावती, दोन्ही ढिगांच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) आणि दोन्ही कापसाचा मूठ-मूठ नमुना सोबत आहे. उजेडात धरून पाहावा.

आपला ग्राहक,
कापूस उत्पादक शेतकरी, ता. मानवत, जि. परभणी