पासधारक हा नुसता ग्राहक नव्हे

महोदय,

एखादे लहान, खासगी मालकीचे स्की केंद्र अडचणीत आले की त्याच्याविषयीच्या बातम्या बहुधा ठरलेल्या वाटेने जातात. आधी बर्फ कमी पडल्याची हळहळ व्यक्त होते, मग ‘पुढील हंगामाबाबत अद्याप निर्णय झालेला नाही’ असे मालकाचे मोघम निवेदन येते आणि अखेरीस लोकांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्यांचे छायाचित्र छापले जाते. मालक, बँक आणि हवामान या तिघांचीच ही गोष्ट आहे, असे वाचणाऱ्याला वाटावे, अशी तिची मांडणी असते. हंगामभराचा पास घेऊन त्या केंद्राला येत्या हिवाळ्याचे पैसे आधीच देऊन बसलेला पासधारक मात्र तिच्यात कुठेच नसतो. त्याची बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

स्की केंद्राच्या तिजोरीत पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे पाहिल्याशिवाय ही बाजू नीट कळणार नाही. चेअरलिफ्टवर एक माणूस बसलेला असो वा हजार, मोटार दिवसभर चालवावीच लागते, चढण्या-उतरण्याच्या दोन्ही ठिकाणी तितकीच माणसे उभी करावी लागतात आणि विम्याचा हप्ताही कमी होत नाही. बर्फ सारखा करणारी अवजड यंत्रे रात्रभर उतारावर फिरवावी लागतात, मग सकाळी वर कितीही लोक येवोत. लिफ्टच्या पोलादी दोराची, गिअरबॉक्सची आणि ब्रेकची तपासणी टाळता येत नाही आणि टाळूही नये. म्हणजे खर्च जवळजवळ ठरलेला, पण कमाई मात्र वर्षातल्या शंभर-सव्वाशे दिवसांची, आणि त्यातलाही मोठा वाटा नाताळच्या व शाळांच्या हिवाळी सुट्टीच्या मोजक्या आठवड्यांचा. त्या आठवड्यांत पाऊस लागला, तर मार्चमध्ये कितीही सुरेख बर्फ पडला तरी ती खोट भरून निघत नाही, कारण तोपर्यंत लोकांच्या मनातून हिवाळा संपलेला असतो.

मग उन्हाळ्यातली डागडुजी कशाच्या बळावर होते? पुढच्या हंगामाच्या पासांवर. हे पास आदला हंगाम संपता संपता, वसंतातच, सवलतीच्या दरात विक्रीला निघतात, आणि त्या रकमेतून दुरुस्त्या, पगार, विमा आणि कर्जाचा हप्ता भागवला जातो. भरभराटीच्या केंद्रात ही नुसती सोय असते. डबघाईला आलेल्या केंद्रात मात्र हेच सारे खेळते भांडवल असते. पासधारक जी रक्कम मोजतो ती न घेतलेल्या सेवेची आगाऊ किंमत असते, म्हणजे व्यवहारात ते बिनव्याजी, बिनतारणी कर्जच होय. बँक जमीन गहाण ठेवून घेते, कर वसूल करणाऱ्या खात्याचा हक्क कायद्याने वरचा असतो, कामगारांच्या थकीत वेतनालाही बहुतेक ठिकाणी अग्रक्रम असतो, आणि असायलाच हवा. पासधारक रांगेच्या शेपटाला उभा असतो, आणि आपण एखाद्या रांगेत आहोत हेसुद्धा त्याला दरवाजे बंद झाल्यावरच कळते.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. एका लहान केंद्राचा पास मी सलग अनेक वर्षे घेत आलो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मुद्दा एका मालकाचा नाही. शेवटच्या वर्षी पास नेहमीपेक्षा महिनाभर लवकर विक्रीला आला, सवलतही नेहमीपेक्षा मोठी होती, आणि आम्ही मंडळी त्यावर खूशच झालो. आज मागे वळून पाहताना ती लवकरची सवलत हाच धोक्याचा पहिला इशारा होता, हे उघड दिसते. डिसेंबर आला, उतारांवर पुरेसा बर्फही आला, पण लिफ्ट हलली नाही. पुढे अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून दाव्याचा अर्ज आला. त्यात बँक, पुरवठादार, कर्मचारी यांचे स्वतंत्र रकाने होते आणि आमच्यासाठी ‘इतर’ असा रकाना होता. रक्कम बुडाली याचे मला फार वाईट वाटले नाही. पण ज्या पैशावर ते केंद्र उन्हाळाभर जगले, तो पैसा देणारा माणूस हिशेबात ‘इतर’ ठरावा, ही गोष्ट मात्र आजही सलते.

बर्फाचा प्रश्न खोटा आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दहापैकी निदान सात हिवाळ्यांत, हंगामातले किमान शंभर दिवस, तीस सेंटिमीटर जाडीचा बर्फ टिकला तरच केंद्र भरवशाचे मानावे, असा एक जुना ठोकताळा आल्प्समधील अभ्यासक वापरत आले आहेत, आणि कमी उंचीवरची किती तरी केंद्रे त्यात आता बसत नाहीत. २०२३ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात युरोपातील २,२३४ स्की केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कृत्रिम बर्फाची जोड न दिल्यास जागतिक तापमानवाढ दोन अंशांवर गेली की त्यांपैकी ५३ टक्के केंद्रांना आणि चार अंशांवर गेली की ९८ टक्के केंद्रांना बर्फटंचाईचा अतिशय मोठा धोका संभवतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. निम्म्या उतारांवर कृत्रिम बर्फ पसरला असे धरले, तर हेच आकडे २७ आणि ७१ टक्क्यांवर येतात. म्हणजे यंत्राने वेळ मिळतो, सुटका मिळत नाही.

आणि यंत्रही फुकट चालत नाही. एक हेक्टर उतारावर तीस सेंटिमीटर कृत्रिम बर्फ अंथरायचा तर ढोबळमानाने १२ ते १५ लाख लिटर पाणी लागते; ते साठवायला तलाव, वर चढवायला पंप आणि उतारभर पुरलेले नळ लागतात. शिवाय केवळ थंडी असून भागत नाही, हवा कोरडीही असावी लागते. कोरड्या हवेत पारा शून्याच्या किंचित वर असला तरी बर्फ साधता येतो, तर दमट हवेत उणे एक अंशालाही फवाऱ्यातून नुसते पाणीच खाली येते. ज्या केंद्राकडे पैसा आहे ते थंडीच्या दोन-तीन रात्रींत शेकडो फवारे एकदम चालवून उतार झाकून टाकते. ज्याच्याकडे मोजकेच फवारे आहेत त्याच्या त्याच रात्री हातातून निसटतात. एकाच डोंगररांगेत, एकाच हवामानात एक केंद्र चालते आणि शेजारचे बुडते, ते अशा कारणांनी. बर्फाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या अनेक अपयशांचे मूळ ताळेबंदात असते.

त्यात मोठ्या कंपन्यांच्या सामाईक पासांची भर पडली. अमेरिकेत २००८ मध्ये ‘एपिक’ आणि २०१८ मध्ये ‘आयकॉन’ हे पास आले. एका पासात अनेक पर्वत मिळू लागल्यावर एकाच टेकडीचा पास कोण घेणार? लहान केंद्रांना एकत्र बांधणारा ‘इंडी’ पास २०१९ पासून आहे, आणि त्याने काहींना आधारही दिला. पण तो आधारच, उपजीविका नव्हे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सुमारे ७३५ स्की केंद्रे चालू होती. आज ती पाचशेच्याही आत आहेत. गेली ती प्रामुख्याने लहान होती, जिथे मुले पहिल्यांदा स्कीवर उभी राहतात आणि पडायला शिकतात. (पडायला शिकणे हा या खेळाचा निम्मा अभ्यासक्रम आहे, हे जाणकार मान्य करतील.)

आता काही दाखले. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील हेस्टॅक हा १९६४ सालापासूनचा स्की पर्वत. पुढे तो ‘हर्मिटेज क्लब’ या नावाने केवळ सभासदांपुरता राखीव झाला. प्रवेशशुल्क हजारो डॉलरांत होते, वर आरामदायी क्लबघर, तापवलेल्या आसनांची लिफ्ट असा सारा थाट होता. मार्च २०१८ मध्ये थकलेल्या करांपोटी राज्य सरकारने तो ऐन हंगामात बंद केला, आणि मग प्रशासक, दिवाळखोरी, लिलाव अशा सर्व पायऱ्या क्रमाने उतरणे आले. अखेर २०२० च्या लिलावात सभासदांच्याच एका गटाने ८० लाख डॉलरांहून अधिक बोली लावून तो विकत घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिफ्ट पुन्हा फिरू लागली. ज्या पर्वतासाठी या मंडळींनी एकदा पैसे मोजले होते, त्याच पर्वतासाठी त्यांना दुसऱ्यांदा मोजावे लागले. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी हाती मालकीचा कागद आला. तो पहिल्या खेपेलाच का येऊ नये?

त्याच राज्यातील मॅड रिव्हर ग्लेनने हे वेळीच साधले. १९४८ मध्ये सुरू झालेले हे केंद्र मालकीण बेट्सी प्रॅट यांनी १९९५ च्या डिसेंबरात तिथे स्की करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला विकले. त्या वेळी केंद्र चालू होते. दिवाळखोरी, लिलाव, अवसायक यांपैकी काहीही मध्ये आले नाही. सभासदांनी भाग विकत घेतले, हळूहळू रक्कम उभी राहिली, आणि तेथील मूळची एका आसनाची चेअरलिफ्ट जीर्ण झाली तेव्हा, २००७ मध्ये, तिच्या जागी अधिक माणसे वाहणारी नवी लिफ्ट न बसवता तीच पुन्हा उभारण्याचा निर्णयही त्यांनीच घेतला. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय वेडगळ म्हणता येईल. पण कमी माणसे वर गेली की उतारावरचा नैसर्गिक बर्फ जास्त टिकतो, आणि त्या पर्वतावर लोक नेमके त्यासाठीच येतात. त्रयस्थ गुंतवणूकदाराला हे उमगले असते, असे मला वाटत नाही. सहकारात काय साधते आणि काय बिघडते, हे मराठी वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. तरीही हा दाखला विचारात घेण्याजोगा आहे.

उशीर झाला की काय होते, ते अमेरिकेच्याच मेन राज्यातील सॅडलबॅक केंद्रावरून दिसते. नव्या लिफ्टसाठी पैसा उभा राहिला नाही म्हणून २०१५ मध्ये ते बंद पडले. मध्यंतरी एका परदेशी उद्योगसमूहाने खरेदीची घोषणा केली, पण तो व्यवहार तडीस गेला नाही. अखेर दुसऱ्या गुंतवणूकदारांनी ते घेतले आणि डिसेंबर २०२० मध्ये ते पुन्हा उघडले. मध्ये पाच हिवाळे वाया गेले. एवढ्या काळात अनुभवी लिफ्टचालक दुसरीकडे नोकरीला लागतात, प्रशिक्षक गाव सोडतात आणि तिथे शिकणारी मुले मोठी होऊन दुसरा खेळ धरतात. यंत्रे विकत आणता येतात, ही माणसे आणता येत नाहीत.

लोकांच्या हाती निर्णय दिला म्हणजे केंद्र वाचेलच, असा माझा दावा नाही. फ्रान्समधील ग्रां प्युई हे गावाच्या मालकीचे केंद्र वर्षानुवर्षे तोट्यात होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेन या गावाने मतदान घेतले आणि सुमारे ७१ टक्के मते केंद्र बंद करण्याच्या बाजूने पडली. मला त्यात पराभव दिसत नाही. ज्यांच्या करातून तोटा भरला जात होता, त्यांना आकडे माहीत होते आणि त्यांनी ते पाहून निर्णय घेतला. खासगी केंद्राच्या पासधारकाला आकडेही दाखवले जात नाहीत आणि मतही विचारले जात नाही.

म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे. पासांची आगाऊ रक्कम, निदान तिचा मोठा भाग, लिफ्ट प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत वेगळ्या विश्वस्त खात्यात राहावी. हे एकदम जमणार नसेल, तर मागील वर्षीचा जमाखर्च आणि थकीत देणी पास विकतानाच खरेदीदारांपुढे ठेवावीत. केंद्र विकायचे किंवा बंद करायचे ठरले, तर ठराविक मुदतीत प्रस्ताव देण्याची पहिली संधी पासधारकांना, कर्मचाऱ्यांना आणि पायथ्याच्या गावाला मिळावी. मालकाला योग्य किंमत नाकारण्याचा यात प्रश्न नाही, केवळ जमीन बांधकामासाठी परस्पर विकली जाण्याआधी विचारणा व्हावी, इतकेच. आणि लिफ्ट उतरवण्याच्या खर्चाची तरतूद ती चालू असतानाच बाजूला काढावी, कारण केंद्र बंद पडल्यावर त्यासाठी पैसा कुणाकडेच उरत नाही. फ्रान्समधील सेउझ येथील लिफ्ट २०१८ नंतर फिरल्या नाहीत, पण त्या उतरवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे रखडले.

यावर मालकवर्गाचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते पोकळ नाही. अडचण जाहीर केली तर पास कोणी घेणार नाही, आणि पास गेले नाहीत तर केंद्र अडचणीमुळे नव्हे, त्या जाहीर करण्यामुळे बुडेल, असे ते म्हणतात. काही ठिकाणी असे होईलही. परंतु याचा सरळ अर्थ असा की, ज्याला खरे कळले तर तो पैसे देणार नाही, त्याच्याकडून खरे न सांगता पैसे घ्यायचे. बँकेकडून कर्ज काढताना हे चालत नाही. शिवाय अनुभव उलटाही आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात माउंट ॲशलँडचे केंद्र मोडीत निघण्याच्या बेतात असताना, १९९२ मध्ये, लोकांनी वर्गणी काढून ते वाचवले. कॅनडातील शेम्स माउंटनही असेच सहकारी संस्थेच्या हाती आले. त्या लोकांना संकट स्पष्ट शब्दांत सांगितले गेले होते, म्हणूनच त्यांनी खिशात हात घातला.

पुढील हंगामाचे पास काही आठवड्यांत विक्रीला निघतील. ज्या वाचकांचे एखाद्या अशा लहान पर्वताशी नाते आहे, त्यांनी या वेळी पैसे भरण्यापूर्वी केंद्राला पत्र लिहून दोन गोष्टी विचाराव्यात: लिफ्ट सुरू झाली नाही तर माझी रक्कम कुठे असेल, आणि केंद्र विकायचे ठरले तर मला कधी कळेल. मीही एका केंद्राला असे पत्र धाडले आहे. उत्तर आल्यावर पास घेणार आहे. तो पर्वत मला अजूनही आवडतो.

आपला,
एक पासधारक वाचक