बिननावाचा रोल थेट मशीनमध्ये नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत फिल्मवर फोटो काढणारी तरुण मंडळी पुन्हा दिसू लागली आहेत. त्यांच्याबरोबर लॅबमध्ये लेबल नसलेले रोलही येतात: शंभर फुटी फिल्मच्या डब्यातून कापून जुन्या कॅसेटमध्ये भरलेले, चित्रीकरणातून उरलेल्या सिने फिल्मचे, नाहीतर आजोबांच्या कपाटात सापडलेले. ‘रंगीतच असेल’ असे धरून ते सी-४१च्या, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या, मशीनमध्ये घातले जातात. कृष्णधवल फिल्मवर प्रतिमा फक्त चांदीची असते आणि सी-४१मधली ब्लीच व फिक्सर ही रसायने ती सगळी काढून टाकतात. हाती येते कोरी पट्टी. वर ग्राहकाला ‘कॅमेऱ्यात रोल फिरलाच नसेल’ असे सांगणे तर फारच वाईट.

हे टाळायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. रोलच्या बाहेरच्या टोकाचा ३-४ सेंटीमीटरचा तुकडा कापून उजेडातच फिक्सरमध्ये टाकावा, दुधाळपणा जाईपर्यंत हलवावा. नारिंगी निघाला तर रंगीत निगेटिव्ह. करडा, जांभळट किंवा काचेसारखा निघाला तर कृष्णधवल किंवा स्लाइड (निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र देणारी फिल्म). मग उजेड लागलेला दुसरा तुकडा सी-४१मधून पूर्ण काढावा. कोरा झाला तर कृष्णधवल. गडद राहिला तर स्लाइड, किंवा सी-४१मध्येच धुतली जाणारी एक्सपी-२सारखी कृष्णधवल फिल्म.

सिने फिल्मचा धोका वेगळा. तिच्या पाठीवर रेमजेट हा काजळीचा थर असतो. बोरॅक्सच्या कोमट पाण्यात भिजवून पाठ चोळली की बोट काळे होते. हा थर मशीनमध्ये सुटला तर रोलरवर बसतो आणि मागून येणाऱ्या, काहीच दोष नसलेल्या ग्राहकांचे रोल डागाळतो. कोडकने अलीकडे रेमजेटविना सिने फिल्मही आणली आहे, म्हणून कडेची छिद्रेही पाहावीत. फोटोच्या फिल्मची छिद्रे गोल कोपऱ्यांची आयताकृती असतात. सिने निगेटिव्हची वर-खाली सपाट आणि दोन्ही बाजूंना फुगीर. धुतल्यावर कडेला ५२१९ किंवा ५२०७ हे कोडकच्या सिने फिल्मचे क्रमांक दिसले तर ती नक्की सिने फिल्मच.

घरातल्या जुन्या रोलना विशेष जपावे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ बहुधा कृष्णधवलच. १९७२ मध्ये सी-४१ आले, त्याआधीच्या सी-२२ पद्धतीचे रंगीत रोल सी-४१च्या ३७.८ अंशांच्या रसायनात घालू नयेत. प्रतिमेचा थर सुटून येतो. ते २० अंशांच्या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये धुवावेत. रंग मिळत नाहीत, पण माणसे ओळखू येतात. शंका उरली तर कोणत्याही रोलला हाच मार्ग सुरक्षित, कारण रंगीत फिल्मवरही चांदीची प्रतिमा उमटते आणि ती स्कॅन करता येते.

रोल भरून विकणाऱ्यांनी कॅसेटवरच पक्क्या शाईने फिल्मचे नाव, आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील तो आकडा) आणि सी-४१, ईसीएन-२ (सिने फिल्म धुण्याची पद्धत) की कृष्णधवल, एवढे लिहावे. कागदी चिकटपट्टीवर लिहू नये, ती पाकिटात सुटून पडते.

– फिल्म लॅबमधील दोन तंत्रज्ञ, दादर, मुंबई